ब्रेकवाली आणि उलटे फिरवलेले बाण

जंगलाच्या रस्त्याने खाली उतरून आलात तेव्हा पुलाजवळच्या दुकानात ब्रेकचे रबर बदलून घेतलेत ना? मग आज त्या दुकानाला कुलूप का आहे, हे एकदा तरी कुणाला विचारलंत का?

नाही विचारलंत. मला माहीत आहे. तुम्ही यायचात तेव्हा मी तिथेच बाकावर बसलेली असायचे. तुमची बोटं आखडलेली असायची, तळहात लालभडक, आणि चेहऱ्यावर मात्र किल्ला जिंकून आल्यासारखं हसू. "काय उतार आहे हो!" म्हणायचात. दुकानवाली मान वर न करता म्हणायची, "उतार नाही तो, चढ आहे. तुम्ही उलटे आलात." तुम्हाला वाटायचं बाई विनोदी आहे. हसायचात, नवे रबर बसवून घ्यायचात, पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून फोटो काढायचात आणि चालू पडायचात.

ती विनोद करत नव्हती.

मला गोड लिहिता येत नाही. कडू लागलं तर घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

तिला सगळे ब्रेकवाली म्हणतात. घरचेसुद्धा. मनगटं पुरुषाच्या दंडाएवढी, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ग्रीस, आणि अंबाड्यात स्पोक आवळायचा पाना खोचलेला. हरवायला नको म्हणून खोचते. एकदा लग्नाला तशीच गेली होती, नवऱ्यामुलीच्या मावशीने विचारलं, हा कुठला दागिना? ही म्हणाली, "सासरी उपयोगी पडेल असा."

दुकान म्हणजे पुलाच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. आढ्याला चाकं टांगलेली, कोपऱ्यात पंक्चर बघायला पाण्याचं अर्धं पिंप, आणि गिऱ्हाइकाला बसायला बाक म्हणून बसचं जुनं सीट. नवरा बस चालवतो, पुलावरून नदीकाठाने डोंगराच्या माथ्यापर्यंत. डेपोने भंगारात काढलेलं सीट त्याने उचलून आणलं. "आयुष्यभर मी पुढे बसलो, तू निदान मागच्या सीटवर तरी बस," असं म्हणून दिलं. ती त्यावर कधीच बसली नाही. तिची मैत्रीण म्हणून मीच बसते.

शेडच्या दारावर आडवी तार होती आणि तारेत ओवलेले झिजके रबर. जळून काचेसारखे चकचकीत झालेले, एका बाजूने खाऊन गेलेले, काहींच्या आतलं लोखंड उघडं पडलेलं. तुम्हाला वाटायचं शोभेची माळ आहे. तुमचाच माल होता तो.

आता जरा मागे जाऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

डोंगराच्या माथ्यावर लाकूड कापायची गिरणी होती. ब्रेकवालीचा बाप तिथे करवतीवर, आणि तिचा सासरा ओंडके ओढायला. तेव्हा सासरा व्हायचा होता, नुसता बापाचा दोस्त होता. सकाळी सगळे सायकली ढकलत जंगलातून वर जायचे. संध्याकाळी भोंगा झाला की त्याच रस्त्याने खाली. आता तो रस्ता तुम्ही पाहिलाय. एकामागून एक अशी वळणं, वर झाडांचं छत, खाली धूळ, मधूनमधून उन्हाळ्यातही ओली पानं, आणि मधल्या वळणावर झरा सरळ डांबरावर सांडतो. तिथे नुसत्या ब्रेकवर उतरायची हिंमत गिरणीत कुणी करत नसे. प्रत्येक जण डहाळीदार, पानं असलेली एक मोठी फांदी तोडायचा, दोरीने कॅरियरला बांधायचा आणि मग सायकलवर बसायचा. फांदी मागे फरफटत यायची, धरून ठेवायची. उभा रस्ता झाडून निघायचा. खाली पुलावरच्या बायकांना झाडांच्या शेंड्यांवर धूळ दिसली की त्या चहाचं आधण ठेवायच्या. पुलाजवळ फांद्यांचा ढीग पडायचा आणि तो पाळीपाळीने एकेकीच्या चुलीत जायचा. म्हणजे ब्रेकच घरी नेऊन जाळायचे म्हणा ना.

आणि आणखी एक रीत होती. पुढचा ब्रेक सैल ठेवायचा. ओल्या पानांवर पुढचं चाक आवळलं की माणूस हँडलवरून थेट नदीच्या दिशेने. म्हणून मागचा ब्रेक कडक, पुढचा नावाला, बाकीचं काम फांदीचं. ब्रेकवाली हे शिकवायची तेव्हा म्हणायची, "पुढचा ब्रेक म्हणजे घरातला नवरा. असावा, पण फार दाबू नये."

नवरा बसच्या खिडकीतून ओरडायचा, "आणि मागचा म्हणजे बायको! दाबला नाही तरी लागलेलाच असतो!"

मग गिरणी बंद पडली. त्या रस्त्याने खाली यायचं कुणाला काही कारण उरलं नाही. फांद्या गेल्या. पण सायकली राहिल्या, आणि आमच्या लोकांची फिरायची एक वाट ठरून गेली: पुलापासून जंगलाच्या रस्त्याने वर, दम लागला तर उतरून ढकलायची, त्यात कसली आलीय लाज. माथ्यावर गिरणीपाशी वारा खायचा, पलीकडच्या लांब, पसरट रस्त्याने सावकाश खाली, आणि नदीकाठाने परत पुलावर. परत येताना नदी डाव्या हाताला. पोरींना सायकल शिकवताना आया एवढंच सांगायच्या: नदी डाव्या हाताला ठेव आणि अंधाराच्या आत घरी ये. या वाटेला आम्ही वेढा म्हणतो. आणि पुढचा ब्रेक सैल ठेवायची रीत तशीच राहून गेली, फांदी नसली तरी. पसरट उताराला तेवढ्याने भागतं. कुणाचं कधी काही अडलं नाही.

आता भाऊजी.

ब्रेकवालीचा धाकटा दीर. नात्याने भाऊजी, पण तिने त्याचं नाक पुसलंय, सायकलचं सीट धरून त्याच्या मागे धावलीये, म्हणून ती त्याला "भाऊजी" म्हणते आणि पुढे "तू" म्हणते. शिकला, हुशार निघाला. गिरणीच्या इमारतीला रंग देऊन तिथे पर्यटन कार्यालय आलं, दरी बघायला काचेचं सज्जाघर आलं, तेव्हा नकाशे काढायला त्याला घेतलं. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. आपला माणूस आहे आत, असं वाटलं. कपाळ आमचं.

एके दिवशी तो दुकानात आला. मी बाकावर होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"वहिनी, वेढा फिरवलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता आधी नदीकाठाने जायचं, मग पलीकडून हळूहळू गिरणीपर्यंत, आणि मग इकडून खाली. रस्त्यावर पिवळे बाण मारतोय आम्ही."

"इकडून कुठून?"

त्याने हनुवटीने जंगलाच्या रस्त्याकडे दाखवलं. बोटसुद्धा उचललं नाही.

ती उठली, ग्रीसचा हात तसाच त्याच्या कपाळाला लावला. "ताप तर नाहीये. भाऊजी, तू बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून याच रस्त्याने उतरलायस. मागे फांदी होती. विसरलास?"

"वहिनी, लोक चढाला घाबरतात. तिसऱ्या वळणावरून घरी परत जातात. वर सज्जाघर रिकामं राहतं. या बाजूने गेलं की कुणीही पोचतं. आणि शेवटी उतार म्हणजे मजा. थरार म्हणून जाहिरात करतोय."

"चढाला घाबरून माणूस घरी जातो ना? जाऊ दे की घरी. घरी पोचतो तो."

"ब्रेक नीट असले की काही होत नाही."

"कुणी सांगितलं?"

"मोठ्या बाईंनी."

मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. इथल्या नाहीत, त्यांना फांदी माहीत नव्हती. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो साधा राग आहे. भाऊजीवरचा राग वेगळा. त्याला माहीत होतं! न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? तो कपाळावरचा काळा डाग पुसत निघून गेला.

मग तुम्ही आलात. झुंडीने आलात. रंगीत टोप्या, चकचकीत चष्मे, आमच्या घरापेक्षा महाग सायकली. आणि ब्रेकवालीचा धंदा असा चालला की विचारू नका. उतरून आलेला प्रत्येक जण आधी तिच्याच दारात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रबर बदलणं चालू. गावात कुजबुज सुरू झाली, दिराने वहिनीच्या दारात रस्ता आणून सोडला. कुणी तोंडावर म्हणालं, "मजा आहे बाई तुझी." हिने त्याच्या चाकातली हवा सोडली. खरंच सोडली, मी पाहिलं.

कारण तिला तुमचे हात दिसत होते. तुम्ही चष्म्याआड हसत असलात तरी हँडलवरून बोटं सुटत नव्हती. एका माणसाची बोटं तिने एकेक करून उघडली, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खडू काढावा तशी. तो म्हणत होता, "ठीक आहे, ठीक आहे, जबरदस्त होतं." पँट ओली होती त्याची.

एके दिवशी तिने दारावरची तार काढली, गळ्यात घातली आणि म्हणाली, "चल."

आम्ही दोघी जंगलाच्या रस्त्याने वर गेलो, कडेकडेने, समोरून येणाऱ्या सायकली चुकवत. कार्यालयात गिरणीच्या जुन्या करवतीला पॉलिश करून भिंतीवर लावलंय. खाली मोठ्या बाईंचं टेबल. ब्रेकवालीने माळ त्या टेबलावर टाकली. जळक्या रबराचा वास खोलीभर पसरला.

मोठ्या बाईंनी खुर्ची मागे घेतली. "हे काय आहे?"

"तुमचा थरार."

"अहो, रबर झिजण्यासाठीच असतं."

"रबर असतं. माणूस नसतो."

"पण मला कळत नाही, तुमचा धंदा तर वाढलाय. मग तक्रार कसली?"

"रस्त्यात खड्डे पडले की हाडांच्या डॉक्टरचा धंदा वाढतो. म्हणून तो कुदळ घेऊन हिंडतो का?"

मी हसले. मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही.

मोठ्या बाई भाऊजीकडे वळल्या. तो खिडकीशी उभा होता. "तुम्ही इथलेच ना? तुम्हाला काही म्हणायचंय?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिथून जंगलाच्या रस्त्याचं पहिलं वळण दिसतं. "ब्रेक नीट असतील तर मार्ग सुरक्षित आहे," तो म्हणाला.

आणि झालं काय? आठवड्यात माथ्यावर पाटी लागली. मोठी, निळी. "पुढे तीव्र उतार. ब्रेक तपासून घ्या." तुम्ही त्या पाटीबरोबर फोटो काढलेत. आमच्यातल्या काहींना तर विजय वाटला, निदान पाटी तरी लावली म्हणून. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती पाटी तुमच्यासाठी नव्हतीच. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे दाखवायचं, याची ती सोय होती.

ब्रेकवालीने मग आपला उपाय केला. रोज सकाळी नवऱ्याच्या बसने माथ्यावर जाऊन पाटीखाली फांद्यांचा ढीग आणि दोऱ्या ठेवू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, बांधा रे बाबांनो. तुम्ही काय केलंत? एकाने फांदी हेल्मेटमध्ये खोचली आणि मोर झाला. बाकीचे टाळ्या वाजवत होते. दुपारपर्यंत कार्यालयाचा झाडूवाला ढीग उचलून न्यायचा. तोही बिचारा गिरणीतल्याचाच नातू, मान खाली घालून न्यायचा.

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "रंग आण. बाण उलटे करून टाकू."

"आणि अर्धे लोक जुन्या बाणाने वर येतील, अर्धे नव्या बाणाने खाली. वळणावर समोरासमोर. तुझ्या डोक्याला ब्रेक आहे की नाही?"

"आहे. पुढचा. नावाला."

ती हसली. ते तिचं शेवटचं मोकळं हसू मी ऐकलेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी बेकरीवाली आली. आमचीच. पुलापलीकडे तिची बेकरी. पहाटे भट्टी लावते आणि मग सायकलला टोपल्या लावून नदीकाठच्या घरांना पाव पोचवते. तिची चेन कुरकुरत होती, ब्रेक ढिले पडले होते.

"काल तुझा पाव दगडासारखा होता," ब्रेकवाली चेनला तेल सोडत म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याने चार खाल्ले."

"तो बसच्या गियरनेही दात कोरेल."

अशा गप्पा. ब्रेकवालीने मागचा ब्रेक आवळला, पुढचा सैल सोडला. नेहमीसारखा. परक्या सायकलींचे ती कंपनीच्या मापाने लावते, दोन्ही कडक. आपल्या माणसाचे आपल्या रीतीने. आणि तिने विचारलं नाही, कुठून जाणार? कोण विचारतं? आपल्या माणसाला कुणी असं विचारत नाही. आपलं माणूस नदी डाव्या हाताला ठेवून येतं, त्याला काय विचारायचं!

पण त्या दिवशी बेकरीवालीला तुमच्यातल्या एका गटाने माथ्यावर खायला पाव मागवले होते. ती टोपल्या घेऊन पसरट बाजूने वर गेली. तिथे सगळे म्हणाले, आमच्याबरोबरच खाली चला की, किती मजा येते. रोज भट्टीसमोर उभी राहणारी बाई. तिला कुणी कधी मजेला बोलावलं होतं? टोपल्या रिकाम्या, मन हलकं. तिने पाटी वाचली, ब्रेक तपासून घ्या. "माझे आजच तपासलेत," असं म्हणून तिने सायकल सोडली.

झऱ्याच्या वळणावर मागचं चाक घसरलं. तिने पुढचा ब्रेक दाबला. पुढचा नावालाच होता. कडेला कठडा नाही. ती झाडीत गेली आणि नदीच्या वर एका मुळाने तिला अडवलं. खांदा गेला, उजवं मनगट गेलं. जीव वाचला. कणीक मळायचा हात मात्र आता पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

चौकशीवाले दुकानात आले ते सायकल घेऊनच. मुडपलेलं चाक, पण ब्रेकची तार शाबूत. एकाने पुढचा ब्रेक दाबून दाखवला. दांडी थेट हँडलला टेकली.

"हा सैल कुणी केला?"

नवरा दारात उभा. मी तिच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून दिला. अपघातात ढिला झाला असेल, एवढं म्हणायचं होतं. कुणाला कळलं असतं?

"मी केला," ती म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आमच्याकडे तसाच ठेवतात."

त्यांना हवं होतं ते मिळालं. चौकशी पुरी होईपर्यंत म्हणून दुकानाला कुलूप लागलं. दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाई सांगू लागल्या की मार्ग उत्तम आहे, दुरुस्ती सदोष होती. "आमच्याकडे तसाच ठेवतात" म्हणजे काय, का ठेवतात, हे कुणी विचारलंच नाही. ज्याला न विचारता सांगता आलं असतं, तो खिडकीशी उभा राहून डोंगर बघत होता.

मी त्या संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात आरडाओरडा केला. "कशाला कबूल केलंस? तुझी काय चूक?"

ती भांडी घासत होती. "मी विचारायला हवं होतं, कुठून जाणार म्हणून. बाण फिरलेत हे मला माहीत होतं. रोज तेच पाहत होते. तरी आपलं माणूस तिकडून येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"चूक कार्यालयाची आहे!"

"त्यांची चूक त्यांना उचलायला लाव ना. माझी तू का उचलतेस? माझी माझ्याकडे राहू दे." पातेलं तिने असं आपटलं की नवरा बाहेरून डोकावला आणि शहाण्यासारखा परत गेला.

पुढच्या दिवशी ती बेकरीत गेली. मी मागोमाग. बेकरीवालीची बहीण पीठ मळत होती, वाईट मळत होती, आणि बेकरीवाली प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून तिला शिव्या देत होती. आम्हाला पाहून थांबली.

"रडायला आलीस?" तिने ब्रेकवालीला विचारलं. "इथे पीठ आधीच पातळ झालंय."

"ब्रेक मी सैल ठेवला होता."

"मला माहीत आहे. माझ्या आईच्या सायकलचाही सैलच होता." मग तिचा आवाज चढला. "पण माझा हात गेला ना! तुझ्या खरेपणाचं मी काय लोणचं घालू? भट्टी कोण सांभाळणार, ही? हिला मीठ आणि साखर वेगळी कळत नाही!"

"ए!" बहीण म्हणाली.

ब्रेकवालीने बाह्या सरसावल्या, पेरांतलं ग्रीस घासूनघासून धुतलं आणि परातीसमोर उभी राहिली. दुकानाला कुलूप लागल्यापासून ती रोज पहाटे तिथे कणीक मळते. बेकरीवालीने तिला माफ केलेलं नाही. "जोर कमी लाव, नट नाहीये तो," असं खेकसते. पण तिने एक गोष्ट सांगितली: "चौकशीत मी सांगणार की ब्रेक सैल होता. आणि बाण कुणी उलटे केले, तेही सांगणार. पण माझं एकटीचं कोण ऐकेल? पडलेली बाई, म्हणतील. घाबरलीये, म्हणतील."

आणि मग परवा दुपारी ते झालं.

पुलावर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. कुणीतरी वर बोट केलं. जंगलाच्या रस्त्यावर, झाडांच्या शेंड्यांवर धूळ उठत होती. वळणावळणाने खाली सरकत होती. एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, गिरणी सुटली," आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

शेवटच्या वळणावरून भाऊजी बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्यालयाचा बिल्ला, जुनी बापाची सायकल, आणि मागे पानापानांची भली मोठी फांदी फरफटत. कार्यालयाच्या भर वेळेत, काचेच्या सज्जातून सगळे बघत असताना निघाला असणार. धुळीने पावडर लावल्यासारखा पांढरा झाला होता. दुकानापाशी उतरला, दोरी सोडली आणि फांदी कुलूप लावलेल्या दाराशी ठेवली.

ब्रेकवाली पुढे झाली. त्याचा पुढचा ब्रेक दाबून पाहिला. दांडी हँडलला टेकली.

"सैल आहे," ती म्हणाली.

"असाच ठेवतात ना, वहिनी."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. मला ते बघवलं नाही. मी सरळ विचारलं, "सोमवारी चौकशीत हे तोंडाने सांगणार का?"

"बघतो."

"बघतो? अख्खा डोंगर उतरून आलास आणि अजून बघतोच आहेस?"

"नोकरी जाईल माझी."

"हिचं दुकान गेलंय! बेकरीवालीचा हात गेलाय!"

तेवढ्यात बस आली. सायकल टपावर टाकून तो चढला. ब्रेकवालीच्या नवऱ्याने सख्ख्या भावाकडे आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "तिकीट काढ."

लोक आता म्हणतायत, केवढी हिंमत दाखवली भाऊजीने. दाखवली. मी नाकारत नाही. पण फांदी बोलत नाही. चौकशीवाले फांदीला खुर्ची देणार नाहीत. त्यांना तोंड लागतं, आणि भाऊजीच्या तोंडावर माझा अजून भरवसा नाही.

म्हणून तुमच्याकडे वळतेय. तुम्हीच राहिलात. सोमवारी सकाळी माथ्यावर, गिरणीच्या इमारतीत चौकशी आहे. तिथे "सदोष दुरुस्ती" एवढंच ठरलं तर शेड पाडतील, बाण तसेच राहतील, आणि त्या निळ्या पाटीसोबत पुढचा फोटो काढणारा तुमच्यातलाच कुणीतरी झऱ्याच्या वळणावर घसरेल. तेव्हा खाली बोटं उघडायलाही कुणी नसेल. ब्रेकवाली तिथे आपली चूक पुन्हा सांगणार आहे. मी तिला अडवणार नाही, पाय दुखतो म्हणते अजून. पण दुसरी अर्धी गोष्ट तिने सांगून कुणी ऐकणार नाही. ती तुम्ही सांगायची आहे, कारण ती तुमच्या तळहातावर घडलीये. उतरताना तुम्ही घाबरला होतात. एवढंच म्हणायचंय. मोठ्या माणसाला हे म्हणायला जड जातं, मला कळतं. हात गमवण्यापेक्षा हलकं आहे.

तेव्हा सोमवारी या. तुमच्या सायकलवरचे जळके, झिजके रबर काढून खिशात घालून आणा. पुलापासून जंगलाच्या रस्त्याने सायकल हातात धरून, कडेकडेने, घंटी वाजवत चालत वर या, आणि ते रबर मोठ्या बाईंच्या टेबलावर स्वतःच्या हाताने ठेवा.